बर्फाखाली पाणी लागेपर्यंत

माझी पुतणी परदेशात बर्फ ऐकते, पगार घेऊन. हे वाक्य मी आमच्या केरी गावातल्या प्रत्येक दुकानात टाकून पाहिलं आहे आणि समोरच्याचा चेहरा बघायला मला अजून तेवढीच मजा येते. "बर्फ कसो ऐकतत?" असं कुणी विचारलं की मी घसा साफ करतो आणि सुरू होतो. जत्रेच्या नाटकात राक्षस कायम माझ्याकडे असतो, त्यामुळे आवाजाची अडचण नाही.

तर, गुरू ग्रहाचे काही चंद्र बर्फानं मढलेले आहेत. त्याखाली समुद्र असावा असं शास्त्रज्ञांना वाटतं, पण भोक पाडायला तिथं कोण जाणार? म्हणून यानावर रडार बसवतात. यान वरून जाताना रेडिओलहरी खाली सोडतं. काही लहरी बर्फाच्या पाठीवरूनच उलटतात, काही आत शिरतात आणि पाणी लागलं की तिथून परततात. दोन्हींच्या परतण्यात जेवढं अंतर, त्यावरून बर्फाची जाडी काढायची. यान अजून वाटेत आहे. ते पोचेपर्यंत पुतणी ध्रुवाकडच्या बर्फावरून विमानांनी आणलेले प्रतिध्वनी वाचायचा सराव करते.

तिचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, तेरेखोल नदीच्या तोंडाशी होडी उलटून गेला. होडी मिळाली, जाळं मिळालं, तो मिळाला नाही. भटजी म्हणाले, देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, ते करून टाका. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिसल्याशिवाय नाय."

त्यानंतर तिसरा पावसाळा उलटला. घरात सुतकही नाही आणि सणही नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची की नाही यावर दरवर्षी नव्यानं भांडण. पाहुणे दारात चपला काढताना घुटमळायचे, कारण सांत्वन करावं की माटोळीच्या फळांचं कौतुक, हे त्यांना ठरवता येत नसे. वहिनीच्या कपाळावर कुंकू होतं, पण त्याकडे सरळ बघायला सगळे कचरायचे, मीसुद्धा. पुतणी सुट्टीला आलेली असताना भावाचा विषय निघाला की मायलेकी दोघी एकदम भांडी घासायला उठायच्या.

या डिसेंबरात पुतणी आली आणि शाळेनं तिला बोलायला बोलावलं. ओळख करून देण्याचं काम मी स्वतःच स्वतःकडे घेतलं. इतकं लांबवलं की ती मागून हळूच म्हणाली, "काका, यान पोचेल हो तोवर." मुलं हसली, मी खुश झालो.

बोलली छान. गुरू स्वतःच रेडिओलहरींचा एवढा गोंगाट करतो की क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातात, म्हणून काही मोजमापं यान चंद्राच्या पलीकडल्या बाजूला असताना करायची, असं तिनं सांगितलं. "गुरू आड गेला की नीट ऐकू येतं. आमच्या घरात काका बाजारात गेला की येतं तसं." पुन्हा हशा. मी उठून वाकून नमस्कार केला.

मग प्रश्न. मुलांचे संपले आणि बायकांच्या बाकावरून वहिनी उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला आणि मुलं म्हणत होती तसंच म्हणाली, "बाई, एक विचारू?"

पोटच्या मुलीला बाई म्हटलं म्हणून मागे कुणीतरी खुदकन हसलं. पुतणी हसली नाही. "विचारा," ती म्हणाली.

"बर्फातसून दिसता. पाण्यातसून दिसता काय? खाऱ्या पाण्यातसून?"

सभागृहात बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती काय विचारते आहे ते कळलं. मुलांना तो त्यांच्या प्रश्नांसारखाच एक प्रश्न वाटला. पुतणीनं हातातला खडू टेबलावर ठेवला.

"नाही. खाऱ्या पाण्यावर लहरी आपटून मागे फिरतात. थोड्या आत गेल्या तरी लगेच विरतात."

"म्हंजे समुद्र आसा, इतक्याच कळता."

"तो कुठं सुरू होतो तेवढं कळतं. आत काय आहे ते नाही."

"पाणी उथळ आसला तरी?"

"तरी नाही."

"यंत्र मोठा केला तर?"

"नाही," पुतणी म्हणाली. आवाज जरा घसरला, तिनं पुन्हा नीट म्हटलं, "नाही दिसणार."

"बरा," म्हणून वहिनी खाली बसली. शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं हळूच बाजूला केला. आभाराचं भाषण मला पाठ होतं. मी उठलो आणि "चहा आसा" एवढंच सांगितलं.

घराच्या पायरीवर वहिनी थांबली आणि मला म्हणाली, "भटजींका सांगा."

विधी केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे झाला. भटजींनी दर्भाचा पुतळा बांधला. वहिनीनं भावाचा एक धुतलेला शर्ट आणून त्याच्या अंगावर घातला. हात बाह्यांत जाईनात, तिनं बराच वेळ खटपट केली आणि शेवटी शर्ट नुसता पांघरला. भटजींनी अग्नी द्यायला मला पुढे बोलावलं. भाऊ म्हणून मान माझा होता.

"भावजीनू, तुमी रवा," वहिनी म्हणाली आणि तिनं लेकीला पुढे यायची खूण केली.

भटजी म्हणाले, "चेडवान देवची पद्धत नाय गो आपल्यात."

"आसूं. तो गेलो म्हणून माका कोणी सांगूक नाय. सगळे बघूया, बघूया करीत रवले. तिणा सांगल्यान. आता तीच करतली."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरकलो. पुतणीनं चपला काढल्या, पुढे आली. वाऱ्यात काडी दोनदा विझली, तेव्हा वहिनीनं तिच्या हाताभोवती आपले दोन्ही तळवे धरले. दर्भ सुकाच होता. शर्टाला थोडा वेळ लागला.