तीन दिवस की दहा

आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बॅडमिंटनची फायनल खेळले. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या काही जणी अजूनही मला हे ऐकवतात. ऐकवू देत. तेव्हा वाद झाला तो मी खेळावं की नाही यावर नव्हताच. वाद होता, मला सुतक किती दिवसांचं, यावर.

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस आणि घरच्यांना दहा, असा आमच्याकडे हिशोब. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. घटस्फोट घेऊन मी बाबांकडे परत आले त्याला बरीच वर्षं झाली. मग मी लग्न झालेली की घरची? कणकवलीहून आलेली आत्या म्हणाली, "धा दिस म्हणजे धा दिस. सोडचिठ्ठी झालेला चेडू बापाशीच्या घराचाच." बाबांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी स्पीकरवर म्हणाले, "लग्नात गोत्र बदललं. घटस्फोट कोर्टात होतो, गोत्रात होत नाही. त्यांना तीन दिवस." आत्याने फोनकडे अशा नजरेने पाहिलं की समोर असते तर गुरुजींना चहासुद्धा मिळाला नसता. मी भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

मला काहीच होत नव्हतं, ही खरी अडचण होती. रडू नाही, झोप नाही, भूक नाही. समोर ठेवलेला बिनफोडणीचा डाळभात मी खात होते, कारण तो समोर ठेवलेला होता. आत्या शेजारणीला हळूच म्हणाली, "दगड झालाहा चेडू." मी ते ऐकलं आणि मला तेही लागलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. म्हणजे, आता आपण घाबरायला हवं, एवढं मला कळलं. हे असंच राहिलं तर काय, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

दोन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. तिला पुसणं, तेल लावणं, दर थोड्या वेळाने कुशीवर वळवणं, सगळं मीच करायचे. त्यातून संध्याकाळी पाऊण तास बाबा तिच्याजवळ बसायचे आणि मी खाली कंपाउंडमधल्या कोर्टवर जायचे. लोकांना वाटायचं, दमून आलेली बाई आणखी कशाला दमते. पण नेटजवळ पडणारं शटल वाकून उचलताना कमरेला ताण बसतो ना, तो बरोबर आईला वळवताना बसायचा त्याच जागी बसतो. कंबर तीच, पोटऱ्या त्याच, फक्त इथे कुणी कण्हत नसे. आणि डोकं रिकामं होतं. समोरून स्मॅश आला की तुमच्याकडे डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ असतो. त्यात औषधं संपली का, डायपर आणायचेत का, हे विचार शिरूच शकत नाहीत. शिरले की पॉइंट गेला.

बॅडमिंटनला लोक हलका खेळ समजतात. पिसांचा आहे म्हणून असेल. चाळिशीच्या पुढे एक पूर्ण मॅच डबल्स खेळून बघा. दुसऱ्या गेमला श्वास छातीत न राहता कानात येतो, मनगट जड होतं, आणि शरीर एकच प्रश्न विचारत राहतं: हे शटल सोडलं तर नाही का चालणार? माझं शरीर तरी ऐकायचं. मन ऐकायचं नाही. एकवीसच्या गेममध्ये एकोणीस-एकोणीस झालं की माझे हातपाय गळायचे. सर्व्हिस हमखास नेटमध्ये. माझी पार्टनर, बी विंगमधली, माझ्याच वयाची, डोक्याला हात लावायची. "अगं, सर्व्हिस करतेयस की नैवेद्य दाखवतेयस?"

ही पार्टनर कडक देवभोळी. घरी मोठं देवघर, सोवळंओवळं, गणपतीच्या पंधरा दिवस आधीपासून घरात कांदासुद्धा नाही. रविवारी सकाळी ती आमच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याच्या पलीकडे थांबली. फायनल नाहूरच्या एका टॉवरमधल्या दोघींशी होती आणि आमच्याकडे बदली खेळाडू नव्हती. मी गेले नसते तर वॉकओव्हर.

"तीन की दहा?" तिने विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

आत्या आतून खाकरली. बाबांनी भिंतीवरची माझी रॅकेट काढली. सरळ हातात दिली नाही, शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "जा गो बाय, खेळान ये. हय बसान काय करतलंस?"

मी खेळले. आयुष्यात इतकं चांगलं कधी खेळले नव्हते, हे सांगताना मला आजही कसंतरी होतं. भीती नव्हतीच. भीती वाटायला काहीतरी हवंसं वाटावं लागतं आणि मला काहीच नको होतं. पाय आपोआप पोचत होते. ड्रॉप नेटला घासून पलीकडे पडत होते. बाकावरून कुणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं. एकदा मागे धावताना मी सिमेंटवर गुडघ्यावर आपटले, उठले आणि तोच पॉइंट जिंकला.

"वाट लागली गुडघ्याची. रक्त बघ!" पार्टनर म्हणाली.

पाहिलं. रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. दुखत नव्हतं.

त्याच वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डबल्समध्ये प्रत्येक पॉइंटनंतर, जिंका नाहीतर हरा, दोघी एकमेकींना टाळी देतात. आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. त्या दिवशी ती हात पुढे करत नव्हती. रॅकेटचं टोक पुढे करत होती, मी माझी रॅकेट त्याला टेकवत होते. म्हणजे तिच्या मते दहाच. तीन म्हणून मला खाली आणलं होतं, आणि देवाला सांगायला रॅकेट मध्ये ठेवली होती. मला तिचा राग आला नाही. फक्त हिशोब लागला: पाच दिवसांत मला कुणीही हात लावलेला नव्हता. भेटायला आलेले लांबून नमस्कार करून गेले. बाबांनी रॅकेट खुर्चीवर ठेवली. दोन वर्षं माझे हात सतत आईच्या अंगावर होते, आणि आता त्यांना कुणाचंच अंग माहीत नव्हतं.

तिसऱ्या गेमला एकोणीस-एकोणीस झालं. सर्व्हिस माझी. मी ती केली, जशी पाणी प्यायल्यावर पेला खाली ठेवतात तशी. पुढचीही केली. जिंकलो.

नाहूरच्या दोघी नेटजवळ आल्या. पहिलीने हात पुढे केला, मीही केला, तेवढ्यात दुसरीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने हात मागे घेतला आणि नमस्कार केला. वाईट हेतूने नव्हे, दोघीही बऱ्या बायका होत्या. माझा हात मात्र नेटवर तसाच राहिला. तो खाली घ्यायचा, हेही मला सुचलं नाही.

माझ्या पार्टनरने ते पाहिलं. तिने रॅकेट खाली टाकली, जी ती कधीच टाकत नाही, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. घट्ट, सगळ्यांसमोर.

"अगं, तुझा देव," मी म्हणाले.

"न्हाईन मी घरी जाऊन. गप उभी राहा."

तिचा तळवा घामाने ओला होता आणि गरम होता. माझ्या हाताला शेवटचं अंग माहीत होतं ते आईचं, नेण्याआधी अंघोळ घालताना, गार. आता गुडघा ठणकायला लागला, एकदम, इतका की मला उभं राहवेना.

"आई गेली गं माझी," मी तिला म्हणाले.

"माहितेय," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.