पट्ट्याची पिन आणि वर जाणारी माणसं

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साठतातच. एक लोखंडाचा चुरा आणि दुसरे किस्से! चुरा निदान भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से कोण नेणार? त्यात हे अवकाशाचं काम आलं आणि किस्से पायात यायला लागले. तुम्हाला सांगितले की माझं डोकं जरा हलकं होईल. होईल असं वाटत नाही, पण बघू.

आधी एवढं सांगतो, की मी सांगलीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं आम्हाला एक पिन करायला दिली. करंगळीएवढी. माणसं घेऊन जे यान वर जाणार आहे, त्यातल्या सीटच्या पट्ट्याच्या कुलपात ती बसणार. ओढल्याशिवाय उघडायची नाही आणि ओढल्यावर अडायची नाही. काम एवढंच!

मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ऑर्डर आली त्या दिवशी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. म्हणाले, "गड्यांनो, आपल्या सांगलीची पिन वर जानार!"

टाळ्या पडल्या. ग्राइंडिंग मशीनवरचा आमचा सगळ्यात जुना कामगार शिवादादा मात्र हात पुसत तसाच उभा. तो शिराळ्याचा. पिना त्यालाच करायच्या होत्या.

"वर जाईल वो मालक," तो म्हणाला, "खाली येतीय का ते बगा!"

*

अण्णा जैन. त्यांच्या घरात एखादी गोष्ट पार पडेपर्यंत काहीतरी सोडायची पद्धत आहे, नियम घेतात म्हणे. अण्णांनी चहा सोडला. यान वर जाऊन माणसं सुखरूप परत येईपर्यंत चहा नाही! त्यांना वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे.

तारीख पुढं गेली. मग आणखी पुढं. पेपरात दर वेळी तेच, सुरक्षेच्या चाचण्या अजून व्हायच्यात. अण्णा सकाळी दहाला टपरीजवळ नुसते उभे राहायला लागले. कुणी कप तोंडाला लावला की त्याच्याकडं बघत बसायचे. माणसाला घोट उतरेना!

एक दिवस वहिनींचाच मला फोन. "आवं, तुमच्या त्या पुण्याच्या लोकास्नी सांगा, काय असंल ते लवकर उडवा म्हनावं. घरात राहवंना झालंय!"

मी अण्णांना म्हणालो, "नियम सोडा की आता. कुणाला कळतंय?"

अण्णा एकदम चिडले. "तपासू देत की किती तपासायचं ते! वर मानसं बसनार हायत. चहा काय पळून चाललाय?"

आणि पुन्हा टपरीकडं गेले.

*

आमच्या गेटवर सुभेदार असतात. साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. गेटपास मागताना अजूनही असे मागतात, की आपण शत्रूकडून आलोय असं वाटावं.

पुण्याचे साहेब पहिल्यांदा कारखाना बघायला आले, तेव्हा अण्णांनी त्यांना गेटपर्यंत सोडलं आणि जाता जाता म्हणाले, "साहेब, आमच्या पिनवर आमचा शंभर टक्के भरवसा!"

सुभेदारांनी गेट उघडलंच नाही. म्हणाले, "आमच्यात एक वस्ताद व्हता. पॅराशूटची घडी घालनाऱ्याला मधनंच म्हनायचा, चल बेटा, आज हीच बांध आन् मार उडी. लय नीट घड्या घालायचे लोक!"

साहेब हसले. सुभेदार अण्णांकडं वळले.

"तवा मालक, भरवसा हाय तर एक सीट मागून घ्या की!"

अण्णा म्हणाले, "माझे गुडघे दुखतात."

*

माझी आत्या पाटणला असते. कोयनेच्या त्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलतच असते. घरातली भांडी वाजली की आत्या मांडणीकडं बघून "झालं तुजं?" असं विचारते आणि पुन्हा भाकरी थापायला लागते.

तिला मी फोनवर हे यान, हे रॉकेट, त्यातला धोका, सगळं समजावून सांगितलं. किती हादरे बसतात, काय काय बिघडू शकतं. मलाच सांगता सांगता घाम फुटला.

ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आन् वर पोचल्यावर? तितं हादरं?"

"तिथं नाहीत. तिथं जमीनच नाही."

"मग बरं हाय की रं! मला ने!"

*

मध्ये एकदा रिकाम्या यानाची चाचणी होती. माणसं नव्हती आत. आमची पिनही नव्हती. तरी अण्णांनी कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला. उलटे आकडे सुरू झाले, सगळे उभे राहिले, आणि शेवटच्या काही सेकंदांना सगळं थांबलं. रॉकेट जागच्या जागी!

अख्खं कॅन्टीन वळून माझ्याकडं आणि शिवादादाकडं बघायला लागलं. आमची पिन त्यात नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बघत होते!

"बंद पडलं व्हय?" टपरीवाला दारातून ओरडला. "धक्का मारायचा का?"

लोक हसले. शिवादादा नाही हसला. तो म्हणाला, "बंद पडलं न्हाई. बंद केलं. लय फरक हाय."

काय चुकलं ते शोधून थोड्या वेळानं ते उडालंसुद्धा.

*

आता कुंकवाची गोष्ट. पहिली पेटी पुण्याला गेली आणि चौथ्या दिवशी मेल आला. पिनांवर तांबडी भुकटी सापडली आहे, सगळी पेटी परत. सोबत फॉर्म. 'मूळ कारण' आणि 'पुन्हा होऊ नये म्हणून उपाय'.

मी गंज शोधला, पेपर शोधला, पिशव्या शोधल्या. दोन दिवस तांबडं म्हणून जे जे दिसेल त्याच्या मागं लागलो. मग शिवादादा म्हणाला, "खंडेनवमीला मी लावलं की. एकेकीला बोटबोट."

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो, हळद-कुंकू वाहतो. पण ह्यानं मालालाच लावलं! मी डोक्याला हात लावला. 'मूळ कारण' पुढं काय लिहू? शेवटी लिहिलं, 'सण'.

पुण्याच्या मॅडमचा लगेच फोन. मी घाबरून स्पीकरवर टाकला. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "अहो, पूजा आम्हीही करतो. पण मशीनची करतो, मालाची नाही."

शिवादादा मागून ओरडला, "मशीन काय वर जातंय का, बाई? जातीय ती पिन!"

मग मॅडम म्हणाल्या, "सगळ्या पुन्हा धुऊन, पुन्हा मोजून पाठवा."

*

आणि ह्या पुन्हा मोजण्यात माझी झोप गेली.

एकेक पिन मोजायची, पिशवीत घालायची, नंबर लिहायचा, माझं 'पास'चं स्टिकर लावायचं. दुपारी तीनला गाडी येणार होती. जेवणाच्या सुट्टीआधी शेवटची पिन हातात आली. मोजली, तर बरोब्बर काठावर! ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मर्यादेच्या आत, पण आत म्हणजे उंबऱ्यावर. पुन्हा मोजली. तेच. तिसऱ्यांदा मोजली. तेच. नियमानं ती पास होते. नियमानं! मी स्टिकर लावलं आणि जेवायला गेलो. डबा तसाच परत आणला.

तेव्हापासून मला चैन नाही. पेपरात 'सुरक्षा' हा शब्द आला की मी पान उलटतो आणि पुन्हा मागं येतो. बसलो की पाय हलतो. घरात मोजायचं वेड लागलं. बायकोची बांगडी मोजली, मुलाच्या खोडरबराची जाडी मोजली. परवा ताटाकडं नुसता बघत बसलो होतो, तर बायको म्हणाली, "भाकरी पास का रिजेक्ट, एकदाचं सांगा. कोरड्यास गार व्हायलंय."

मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. डोळे मिटले की वर एक माणूस पट्टा ओढताना दिसतो आणि पट्टा उघडत नाही, हे कसं सांगायचं?

*

गेल्या शनिवारी शिवादादा रिटायर झाला. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, त्याला फेटा बांधला, शाल-नारळ दिला. त्याची बायको, दोन्ही लेकी, नातू पहिल्या रांगेत. सकाळीच पुण्याचा मेल आला होता. पेटी सोमवारी स्टोअरमधून निघून जोडणीला जाणार. अण्णांनी तो मेल सगळ्यांना वाचून दाखवला आणि शिवादादासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मला राहवलं नाही. कानात म्हणालो, "दादा, ती शेवटची पिन काठावर होती. मी पास केली. मला झोप येत नाही."

तो गालात हसला. "ती गेलीच न्हाई."

"म्हणजे?"

"तुजं तोंड बगूनच कळलं मला. तू जेवाय गेलास, तवर मी दुसरी काडली. तुज्या पिशवीत घातली. स्टिकर लावलेलं व्हतंच की तुजं. पयली दिली भंगारात. झोप आता गुमान."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ह्या माणसानं माझ्यासाठी जेवण सोडून पिन केली होती! मी त्याचा हात धरला. धरला आणि तसाच राहिलो.

"दादा, मग ती मोजली कुणी?"

शिवादादानं अंगठा आणि पहिलं बोट माझ्यापुढं एकमेकांवर घासलं. "ह्यांनी! सारी हयात गेली ह्यात. तुज्या मशीनला काय कळतंय?"

तेवढ्यात अण्णांनी माईकवरून पुकारलं, "आता शिवादादाबद्दल आपले क्वालिटीवाले दोन शब्द बोलतील."

"चांगलं बोल रं," शिवादादा म्हणाला आणि मला कोपरानं ढोसलं.

मी माईक घेतला. पहिल्या रांगेत त्याच्या धाकट्या लेकीनं मोबाईल वर धरला होता, माझं भाषण घ्यायला.

मी म्हणालो, "अण्णा, पुण्याला फोन लावा. ती पेटी हलवू नका म्हणावं."