झपाटलेलं घर आणि माझ्या सासूबाई

भुताच्या सिनेमात खरं घाबरण्यासारखं काय असतं, हे मला पन्नाशीत सासूबाईंनी शिकवलं. त्याआधी माझा समज होता की करकरणारं दार, पांढरं लुगडं आणि अचानक वाजणारं संगीत एवढ्यावर भागतं. सासूबाईंपुढे यातल्या कशाचीच डाळ शिजत नसे.

वणीजवळचं त्यांचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं, तेव्हा त्या यवतमाळला आमच्याकडे राहायला आल्या. दुपारी जेवणं आटोपली की मी भुताचा सिनेमा लावायची आणि त्या ताटात तुरीच्या शेंगा सोलत बघायच्या. एकदा पडद्यावरचं घर हादरायला लागलं. मी उशी कवटाळली. सासूबाई मात्र तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरच्या काचेच्या बरण्या धरून उभ्या राहिल्या. गावात रोज दुपारी खाणीत ब्लास्टिंग व्हायचं, घरं थरथरायची आणि बाया बोलणं न थांबवता फळीला हात लावायच्या. इथंही त्यांचा हात सवयीनं गेला. मी हसून हसून बेजार झाले, मग त्याही हसल्या.

पुढं पडद्यावर भुतीण दिसली. घरात आलेलं नवं कुटुंब जेवत होतं आणि ती मागं उभी राहून आपल्याच चुलीकडे बघत होती. मला घाम फुटला. सासूबाईंचा हात ताटात थांबला.

"घर तं तिचंच होय ना," त्या म्हणाल्या. "मंग तिलेच काहून काढून राह्यले?"

शेवटी मांत्रिकानं तिला हाकललं. मला हायसं वाटलं, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. भुताचा कैवार घेता का म्हणून मी चिडवलं, पण त्या हसल्या नाहीत. तेव्हा मी विचारलं, आई, इथं करमत नाही का तुम्हाला?

"करमते ना बाई. तू लय जीव लावतं. पण माह्या घरी पाणी प्यायले मले कोणाले विचारा नाही लागे."

आठ महिने त्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून थोडं पाणी घेऊ का, असं विचारत होत्या. मी दर वेळी प्रेमानं घ्या ना म्हणत होते. वर शेजारणींना कौतुकानं सांगत होते, आमच्या सासूबाई घरात आहेत की नाहीत, कळतसुद्धा नाही.