बरा झालेला हिरा

विद्यापीठाच्या तळघरातल्या एका खोलीत एक माणूस सव्वीस वर्षं बसलाय आणि सगळे त्याला तीनरेघे म्हणतात. आडनाव नव्हे हो ते. हिऱ्यात नायट्रोजनचा अणू घुसलेला असला की यंत्राच्या कागदावर तीन रेघा उमटतात. कुणी नवा खडा आणला रे आणला की हे आधीच सांगणार, "तीन रेघा येतील बघा." येतातच मेल्या.

यंत्राचं नाव लांबलचक, इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. काम मात्र चोंबड्या शेजारणीचं. हिऱ्यात कुठे अणू गळालाय, कुठे भलताच येऊन बसलाय, तिथे बरेचदा एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो. त्याला चुंबकात धरून, वर सूक्ष्मलहरी सोडून डिवचायचं. तो हलला की रेघ. तीनरेघ्यांची बायको म्हणते, "दोष शोधायला एवढ्या लांब कशाला जाता? घरीच बसा, माझ्यात दिवसाला चार सापडतात तुम्हाला." हे नुसते गालात हसतात.

नीटनेटकेपणा मात्र नको इतका. दर सोमवारी खड्यांच्या सगळ्या रिकाम्या नळ्या भट्टीत, साडेसहाशे अंशांवर, चार तास. मळक्या नळीच्याही रेघा उमटतात ना, म्हणून. पोरं चिडवायची, "काका, नळ्यांची आंघोळ झाली का?"

त्या पोरांत एक पीएचडीवाली होती. तिच्याकडे एकच हिरा, तिळाएवढा. दूरच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांचा मारा खाऊन आलेला, आणि तो मारा करणारं यंत्र आता भंगारात गेलेलं. या खड्यात नेहमीच्या रेघांच्या कडेला आणखी दोन बारीक रेघा होत्या. हिरा थोडा थोडा फिरवत तिने तीन वर्षं त्यांचा माग काढला. शेवटची एक बाजू तेवढी मोजायची राहिली होती. तेवढी झाली की प्रबंध पुरा.

शुक्रवारी तिने खडा नळीतच ठेवला, नळी स्टँडला लावली आणि घाईत चिठ्ठी चिकटवायची विसरली. सोमवारी तीनरेघ्यांनी नळ्या गोळा केल्या. एरवी ते प्रत्येक नळी उजेडात धरून बघतात, पण त्या दिवशी चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता. जिना चढायचा कंटाळा, दुसरं काय. पारदर्शक नळीत पारदर्शक तीळ, हाताला थोडाच लागणार?

दुपारी पोरगी आली. "काका, माझी नळी कुठाय?"

"कुठली?"

"स्टँडवर होती ती. हिरा आहे तिच्यात."

तीनरेघ्यांनी भट्टीचं दार उघडलं. नळ्या अजून कोमट होत्या. चौथ्या नळीत खडा सापडला, जसाच्या तसा. पोरीला हायसं वाटलं. त्यांना नाही वाटलं.

यंत्रात लावला. नायट्रोजन आपल्या जागी होता. कडेच्या दोन रेघा नव्हत्या.

"भट्टी किती होती?" तिने हळूच विचारलं.

"नेहमीचीच. साडेसहाशे."

ती स्टुलावर बसली. एवढ्या उष्णतेत माऱ्याने सुटे झालेले अणू सरकतात, मोकळ्या जागा भरतात, असले दोष मिटून जातात. हिरा बरा झाला होता. सोनार असता तर खूश झाला असता.

"मी सांगतो तुझ्या गाइड मॅडमना. चूक माझी आहे," तीनरेघे म्हणाले.

"चिठ्ठी मी नाही लावली, काका."

"बघायचं काम माझं होतं."

"सांगून काय होणार?"

"काही नाही होणार," ते म्हणाले. खोटं बोलायला जमलं नाही बिचाऱ्यांना.

मग ती म्हणाली, "आणखी एकदा लावायचा का? सावकाश?"

लावून उपयोग नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी खडा किंचित फिरवला, चुंबक अगदी हळू चढवत नेला. कडेच्या त्या जागी रेघ सपाट चालली होती. मध्येच जराशी थरथरली.

"इथे काहीतरी हललं का हो काका?"

"तो नुसता यंत्राचा गोंगाट आहे, बाळ."

"हं."

पोरगी उठेना. तीनरेघ्यांनी चुंबक खाली आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.