समान दमाची शर्यत

शर्यत वर्षातून एकच दिवस असते, किस्से मात्र वर्षभर पुरतात. संगमनेरला माझं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरशी कुणी क्लचप्लेट मागायला येतो, शर्यतीचा विषय निघतो, आणि तासाभराने गिऱ्हाईक क्लचप्लेट न घेताच घरी जातं. दुसऱ्या दिवशी परत येतं. मग दुसरा किस्सा!

दिवाळीनंतर, बाजरी निघालेल्या माळावर आमची मोटारसायकलींची शर्यत होते. गाड्या सगळ्या वेगवेगळ्या. कुणाची जुनी टू-स्ट्रोक, कुणाची दुधाचे कॅन वाहून वाकलेली, कुणाची नवीकोरी. त्या तशाच सोडल्या तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून आमची तपासणी कमिटी. कमिटी म्हणजे मी आणि अण्णा. अण्णांनी डेअरीत आयुष्यभर दूध तपासलं. त्यामुळे समोर कुठलीही पातळ वस्तू आली की ते आधी संशय घेतात.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे चकती. इंजिनाला हवा जाते त्या तोंडात पत्र्याची चकती बसवायची. तिला मधोमध भोक. भोक बारीक तर हवा कमी, हवा कमी तर दम कमी. दांडग्या गाडीला बारीक भोक, अशक्त गाडीला मोठं. आणि जो जिंकेल त्याचं भोक पुढच्या वर्षी आणखी एका मापाने बारीक.

हे सगळं कशासाठी, ते अण्णा एका वाक्यात सांगतात. "एकच मानूस जिंकत ऱ्हायला, की बाकीचे यायचे बंद होत्यात. मग शर्यत कुनाची लावायची, म्हशींची?"

आणि आमच्याकडे नेमका एकच माणूस जिंकत होता. शेवगावकडचे भागवतराव.

*

कुठल्या गाडीत किती दम आहे हे ठरवायला एके वर्षी आम्ही चाचणी ठेवली. रिकामी ट्रॉली दोरीने गाडीला बांधायची आणि चढावर ओढायला लावायची. जी गाडी जास्त ओढेल तिला बारीक चकती. इथेच आमची चूक झाली, कारण हे आम्ही आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं!

त्या दिवशी माळावरच्या सगळ्या गाड्या आजारी पडल्या. एक खोकत होती, एक जागेवरच थरथरत होती. आमचा सोपान डेअरीचा टेम्पो चालवतो. त्याची गाडी तर ट्रॉलीकडे बघूनच बंद पडली. सोपान कपाळाला हात लावून म्हणाला, "काय करावं अण्णा, म्हातारी झाली वो बिचारी."

शेजारी त्याचे वडील उभे होते. त्यांना या डावाची काहीच कल्पना नव्हती. मुलाच्या गाडीचा अपमान त्यांना सहन होईना. पुढे येऊन म्हणाले, "कोन म्हनतं म्हातारी? काल मला मागं बसवून चंदनापुरीचा घाट चढली, टोपी उडाली माझी!"

सोपानला त्या वर्षी बारीक चकती मिळाली. वडील मात्र खूश होते.

*

पेट्रोल सुरुवातीला ज्याचं त्याने आणायचं असा नियम होता. एका वर्षी सोपानच्या टाकीचं झाकण उघडलं आणि अण्णा तिथेच थबकले. नाक खाली नेलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "सोपान, टाकीत लग्नातला शालू ठेवलाय का रं?"

डांबरगोळ्या! कपाटात कपड्यांत ठेवतात त्या. त्या विरघळवल्या की इंजिनाला जोर चढतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. जोर चढला की नाही माहीत नाही, पण त्याच्या मागे असणारे सगळे शर्यतभर शिंकत होते.

त्याच्या पुढच्या वर्षी किसन सापडला. किसनचं बेलापूरला गॅरेज आहे आणि सोपान त्याचा दाजी. म्हणजे कला घरातच होती. याच्या पेट्रोलला गोडसर उग्र वास. कुठूनतरी स्पिरिट आणून मिसळलं होतं. अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, तर हा भांडायला उभा. "सरकार सोता पंपावर उसाचा माल मिसळून देतंय, ते चालतंय व्हय? मी सरकारला जरा पुढं नेलं, तर गुन्हा झाला!"

अण्णा म्हणाले, "सरकार शर्यतीत न्हाई ना पळत."

तेव्हापासून पेट्रोल आमच्या कॅनमधून, सगळ्यांना सारखं. शर्यत पुरी होईल इतकंच, वर घोटभर.

*

तरीही कुरकुर होतीच. कमिटी याला जास्त ओतते, त्याला कमी ओतते. मग अण्णांनी तोडगा काढला. चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्या प्रतिस्पर्ध्याने तुमच्या टाकीत पेट्रोल ओतायचं. शत्रूच्या हाताने मिळालेलं माप जास्त कसं असेल? आणि कमी दिलं तर घेणारा गप्प कशाला बसेल?

पहिल्याच वर्षी किसनच्या हाताला सोपानची टाकी आली. किसनने मापाचं भांडं टेम्पोच्या फाळक्यावर ठेवलं, खाली वाकून रेघ बघितली, एक थेंब जास्त वाटला म्हणून परत कॅनमध्ये टाकला. पुन्हा वाकला. पुन्हा बघितलं. मग ओतलं. आता सोपान अडला. "भांडं पालथं धर. तळाला ऱ्हायलंय."

किसनने पालथं धरलं.

"झटक."

किसनने झटकलं.

"अजून एक थेंब लोंबतोय."

किसन वैतागून म्हणाला, "दाजी, बहीन देताना मी येवढी तपासनी केली नव्हती!"

सोपान शांतपणे म्हणाला, "म्हनून तर दिली."

*

गाडीबरोबर माणसाचंही वजन करतो. गाडी आणि स्वार मिळून ठरलेलं वजन भरलंच पाहिजे. हलक्या माणसाने फरकाइतकी वाळू पिशवीत भरून सीटमागे बांधायची. कांद्याच्या आडतीवरचा काटा त्या दिवसापुरता माळावर येतो.

सोपान अंगाने काडी. दरवर्षी त्याच्या नशिबी वाळू. एका वर्षी मात्र काट्यावर उभा राहिला आणि वजन बरोबर भरलं. अण्णांनी खिसे तपासले, बूट काढायला लावले, काही सापडेना. मग त्याच्या बायकोनेच हसत सांगितलं की सकाळपासून दोन कलिंगडं संपवलीत आणि वर माठातलं पाणी.

नियमात बसत होतं. पोटातलं वजन काढून घ्या असं कुठे लिहिलेलं नाही. गाड्या रांगेला लागल्या. अण्णांनी झेंडा वर केला. इंजिनं गरजायला लागली. आणि सोपानने गाडी स्टँडवर लावली.

"अरे, झालं काय?" अण्णा ओरडले.

बाभळीकडे पळता पळता सोपान म्हणाला, "जरा वजन उतरवून येतो!"

*

या सगळ्या काळात भागवतराव काय करत होते? जिंकत होते.

साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ते ड्रायव्हर. बोलणं फार कमी. गाडी जुनी, पण जीव लावून ठेवलेली. दरवर्षी जिंकायचे, दरवर्षी त्यांची चकती बारीक व्हायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच पहिले. कुणी विचारलं, "गाडीत काय केलंय?" की म्हणायचे, "गाडीकडं कशाला बगता? वळनाकडं बगा."

लोक गाडीकडेच बघायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना देण्यासाठी लेथवरून आणलेली चकती अण्णांनी उजेडात धरली आणि मला म्हणाले, "शेठ, आता याच्या पुढं बिनभोकाचीच द्यावी लागंल."

ती घालूनही ते जिंकले.

त्या दिवशी आमटी-भाकरीची पंगत बसली, पण बेलापूरवाले बसले नाहीत. त्यांनी आपल्या गाड्या टेम्पोत चढवल्या. निम्म्या गाड्या त्या एका टेम्पोतून येतात. किसन अण्णांना म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई. पर पुढच्या साली बी हेच पैले आले, तर आमचा टेम्पो परत न्हाई यायचा. दुसऱ्याचं कौतुक बघायला येवढं डिझेल कशाला जाळायचं?"

अण्णांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. टेम्पो आला नाही तर शर्यत संपली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. भागवतराव पलीकडे पाण्याच्या टाकीवर हात धूत होते. त्यांनी ऐकलं असावं. येऊन पानावर बसले, आणि जेवले.

*

गेल्या वर्षीची शर्यत. सकाळी सगळ्यांनी आमच्यासमोर आपापल्या चकत्या बसवल्या. वर आम्ही तारेचं सील मारलं.

झेंडा पडला तसे किसन आणि भागवतराव पुढे निघाले ते शेवटपर्यंत दोघेच. सरळ पट्टीवर किसन पुढे जायचा, वळणावर भागवतराव त्याच्या मागच्या चाकाला चिकटायचे. शेवटच्या वळणानंतर सगळा माळ उभा राहिला. धूळ खाली बसली, तेव्हा किसन पहिला होता. हातभर पुढे.

बेलापूरवाल्यांनी गुलाल उधळला. किसनला खांद्यावर घ्यायला गेले, तर तो खांद्यावर येईना. तो अण्णांपाशी आला. "भागवतरावांची गाडी उघडा."

"अरे, जिंकलास तू!"

"जिंकलो ते दिसलं मला. पर सगळ्यात बारीक चकती त्यांची. ती घालून मानूस माझ्या चाकाला चिकटून येतोच कसा? उघडा!"

आम्ही भागवतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. जिंकला तो." मग तर किसन अजिबात हटेना.

उघडली. सील जसंच्या तसं. चकती आमचीच. अण्णांनी ठरलेल्या मापाचं ड्रिल भोकातून घालून बघितलं, बरोबर गेलं. अण्णा चकती परत बसवणार, तेवढ्यात किसनने बॅटरी मारली. "थांबा. मागं काय चमकतंय?"

आत खोल, आमच्या चकतीच्या मागे, आणखी एक चकती होती.

"सापडला!" कुणीतरी ओरडलं. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी ती चकती बाहेर काढली, तेच ड्रिल तिच्या भोकात घातलं. जाईना. फिरवून घातलं. जाईना. किसनने ती हिसकावून घेतली आणि डोळ्याला लावली.

आमच्या चकतीपेक्षा तिचं भोक बारीक होतं.

"भागवतराव, हे काय?" अण्णांनी विचारलं.

"नियमात मोठ्या भोकाला बंदी हाय," भागवतराव म्हणाले. "बारक्याला कुटं हाय?"

किसनने अंगावरचा गुलाल झटकला. चकती मुठीत घट्ट धरून तो अण्णांना म्हणाला, "पुढच्या साली मला हीच बसवा."

भागवतरावांनी शांतपणे त्याची मूठ उघडली आणि चकती काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"तुला जमायचं न्हाई, किसन. तू वळनावर लई भितो."