केरबा मिस्त्रीच्या गुलाबी गोळ्या

केरबा मिस्त्री कतारच्या दोह्यात छताचा गिलावा करायचा. भिंत कोणीही करतो, छताला माणूस लागतो. मान मागे, हात वर, आणि थापीवरचा माल सारखा खाली यायच्या घाईत. माण तालुक्यातला हा गडी नऊ वर्षं तेच करत होता. त्याच्या हातचं छत पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. १९८३च्या ऑक्टोबरात मात्र त्याच्या थापीवरून एक गोळा निसटला आणि फोरमन गुरुप्रसादच्या टोपीवर बसला.

चूक हाताची होती. बोटं आपोआप आखडून चिमटीत मीठ धरल्यासारखी जवळ आली आणि सुटेनात. थापी कशी तरी टिकली, माल टिकला नाही. गुरुप्रसादने टोपी पुसली आणि हिंदीत हिशोब सांगितला. फरीज बिन ओमरान भागातल्या नव्या इमारतीत मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचं, छत फेब्रुवारीत आहे. केरबाने ते एकट्याने, माल न पाडता केलं तर तो मिस्त्री. नाही तर हातात झाडू आणि करार संपला की गावचं तिकीट. झाडू मारण्यात केरबाला कमीपणा वाटत नव्हता. पण झाडणाऱ्याने वर बघून दुसऱ्याचं वाकडं छत सहन करायचं, हे त्याला जमणारं नव्हतं.

डॉक्टरने रक्त तपासलं. अंगात कॅल्शियम कमी आहे, रोज दोन गोळ्या घे, आणि अंगाला ऊन लागू दे, असं सांगितलं. केरबाने हे कॅम्पातल्या खोलीत सांगितलं तेव्हा बरोबरचे सातही जण हसले. कतारात येऊन ऊन कमी पडलेला हा पहिलाच माणूस. पण हसणाऱ्यांपैकी एकानेही हे पाहिलं नाही की केरबा उजाडायच्या आत इमारतीत शिरतो, मावळल्यावर बाहेर पडतो, दिवसभर तोंडाला फडकं बांधून छताखाली असतो आणि शुक्रवारी दुपारपर्यंत झोपतो. त्याने स्वतःही पाहिलं नाही. उन्हाचं त्याने सोडून दिलं, गोळीचं तेवढं धरलं.

त्याच्या बाजूच्या खाटेवर जालिंदर ड्रायव्हर असायचा. तो म्हणाला, "नाना, दिवसातनं धा वेळा तंबाखूला चुना लावताय. तरी कॅल्शियम कमी?"

"थुंकतो ना मी," केरबा म्हणाला.

गोळ्या त्याने स्वतः पारखून घेतल्या. बाजारातल्या दुकानदाराने चार-पाच प्रकार मांडले. केरबाला लेबल वाचता येत नव्हतं, पण माल ओळखता येत होता. त्याने एकेक गोळी फळीवर ठोकून पाहिली. पांढरीचा कोपरा उडाला, ती बाद. दुसरी बोटाला पीठ लावत होती, तीही बाद. गुलाबी मात्र चकचकीत, कडक, ठोकली तर टण्ण वाजणारी. गिलावा असाच वाजायला हवा. त्याने तीनशेची बरणी घेतली.

घेण्याची रीतही कामासारखीच. दिवसाचं जड काम सकाळी उरकायचं. डॉक्टरने दोन सांगितल्या होत्या, याने तीन केल्या. पहाटे उपाशीपोटी, कडक, बिनदुधाच्या सुलेमानी चहाबरोबर, एकदम. पाच आठवडे एकही दिवस चुकला नाही. बोटं पूर्वी आठवड्यातून दोनदा आखडायची, ती रोज आखडू लागली.

डिसेंबरात कॅम्पच्या संडासाची मोरी तुंबली. तक्रार लिहायची, ती गुरुप्रसादकडे जायची, मग माणूस यायचा. त्यात आठवडा गेला असता आणि तेवढ्यात सगळे पोहायला शिकले असते. केरबाने नाकाला फडकं बांधलं आणि लोखंडी सळी घेतली. जालिंदरने सल्ल्याचं काम घेतलं आणि लांब उभा राहिला. तासाभराने जाळी वर आली. घाण झटकली तर जाळीच्या भोकांत ओळीने गुलाबी गोळ्या अडकलेल्या. केरबाने मोजल्या. बावीस. त्या कॅम्पात या गोळ्या एकटाच माणूस खात होता.

जालिंदर जवळ आला. "नाना, तुमचाच मुक्काम पोष्ट दिसतोय."

 केरबाने एक गोळी साबणाने धुतली आणि दगडावर ठोकली. टण्ण वाजली. पाच आठवडे ज्यावर मेहनत केली तो माल जसाच्या तसा परत आला होता. शिव्या द्याव्या तर कोणाला, पारख त्याचीच होती.

गोळी कागदात बांधून तो जहूरकडे गेला. जहूर दापोलीकडचा, फरीज बिन ओमरानमध्ये औषधांच्या दुकानात कामाला. मराठी ऐकली की स्टूल पुढे करणारा माणूस. त्याने पुडी सोडली, गोळी उजेडात धरली, नखाने खरवडली, वास घेतला आणि हिला साबण का लावला, म्हणून विचारलं. केरबा खोटं बोलत नसे. त्याने मोरीपासून सगळं सांगितलं. जहूरने गोळी खाली ठेवली, आत जाऊन तीन वेळा हात धुतले आणि मगच बोलायला आला.

शेजारच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, त्याने व्हिनेगरची बाटली आणली. पोटात असंच आंबट असतं, म्हणाला. दोन पेल्यांत व्हिनेगर ओतून एकात ती गुलाबी टाकली, दुसऱ्यात एक साधी पांढरी, कोपरा उडणारी. तिसऱ्यात साधं पाणी आणि एक मोठी चपटी गोळी. ती टाकताच फसफसून विरली. ती चांगली, पण आठवड्यात खिसा विरेल, असं त्याने स्वतःच सांगितलं. मग दोघे अर्धा तास पेल्यांसमोर बसले. पांढरी फुगली, फुटली, तळाला गाळ झाला. गुलाबी आपली चकचकत बसून राहिली.

"कळीचा चुना न विरवता भिंतीत भरता का मिस्त्री?" जहूरने विचारलं.

"तो आधी विरायलाच पाहिजे."

"आणि छताला सगळा माल एकदम थापता?"

"एक थर. तो धरला की दुसरा. जाड मारला की पडतोच."

"मग पोटाला पहाटे तीन-तीन काय मारता? एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या. अन्न आलं की पोट कामाला लागतं, तेव्हाच ही विरते. चहाबरोबर नको, चहा तिला धरून ठेवतो. आणि ऊन नसेल तर विरलेलंही अंगाला लागणार नाही. डॉक्टरने फुकटची गोष्ट सांगितली, तेवढीच तुम्ही टाकून दिलीत."

केरबाने पांढऱ्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरकडे परत जाऊन खरं काय ते कबूल केलं, एक इंजेक्शन घेतलं आणि बरंच काही ऐकून घेतलं. मग रोज दुपारच्या सुट्टीत तो इमारतीच्या गच्चीवर सदरा काढून वीस मिनिटं बसू लागला. खालून हाका यायच्या की पापड वाळले का. तो घड्याळ बघत बसायचा. अठरा मिनिटांनी कधी उठला नाही.

जानेवारीच्या मध्यापर्यंत बोटं आखडायची थांबली. तरी मजलिसच्या दिवशी त्याने परांचीवर चढण्याआधी मुठीची वीस वेळा उघडझाप करून पाहिली. छत मोठं होतं. पहिला थर सकाळी धरला. दुपारी बारा वाजता, अर्ध्या छताचा दुसरा थर बाकी असताना, केरबा थापी धुऊन खाली उतरला, जेवला, गोळी घेतली आणि गच्चीकडे निघाला. गुरुप्रसाद जिन्यात आडवा आला. आज तरी ही नाटकं बंद कर, म्हणाला.

"छत संध्याकाळी बघा," केरबा म्हणाला. "दुपारी मला बघू नका."

वीस मिनिटांनी तो परत परांचीवर होता. चारच्या सुमाराला करंगळी जराशी ओढली. त्याने थापी डाव्या हातात घेतली, उजवा झटकला, पुन्हा उजव्यात घेतली. माल पडला नाही.

मावळताना गुरुप्रसादने सपाटी तपासायचा लाकडी पाटा घेतला आणि छताला चारही बाजूंनी लावून पाहिला. मग खालची फरशी पाहिली. ती कोरडी होती. अल रुवैसला नवी इमारत निघत होती. तिथल्या मिस्त्र्यांच्या यादीत त्याने केरबाचं नाव पहिलं घातलं आणि टोपी सारखी करत निघून गेला.

बरणीतल्या उरलेल्या गुलाबी गोळ्या जालिंदरने सोंगट्या म्हणून घेतल्या. खोलीत दर शुक्रवारी डाव पडायचा, गोळ्या पाटावर आपटायच्या. वर्षभरात एकही फुटली नाही. केरबा कधी त्या डावाला बसला नाही. त्या वेळी तो कॅम्पच्या गच्चीवर उन्हात असायचा.