दौलताबाद रस्त्यावर मी ‘मॅडम’ झाले

उन्हाळ्यात संभाजीनगरला फिरायला जाऊ नये, हे तिथलीच असल्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. तरी ऑफिसातल्या रिया आणि निखिलनं इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हलचे पास काढले आणि मी मान डोलावली. "तुझंच शहर ना, आता तूच गाइड," रिया म्हणाली. शहर कसलं! मी कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. पण पुण्यात आल्या दिवशीच मी ‘व्हय’ आणि ‘नाय’ जिभेवरून पुसून टाकलं होतं, आणि पाठोपाठ गावही.

शनिवारी पहाटे निघालात तर नगरमार्गे सहा तासांत पोचाल. आम्ही नाश्त्याला रेंगाळलो, साडेसात लागले. जेवण शहरातच उरका, नान-खलिया खा. फेस्टिव्हलच्या आत बर्गर दुप्पट भावानं मिळतो आणि तोही गार. जागा पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यालगतच्या एका शेतात. टोपी आणि सुती ओढणी न्याच. गेट चारला उघडतं, पण ऊन उतरेपर्यंत नाचतंय कोण? सगळे सावली शोधतात. आम्हाला ती जनरेटरच्या गाडीमागं सापडली, आणि तिथंच सलीमचाचा उभे होते.

पिशोरात लग्न असो, उरूस असो की पंधरा ऑगस्ट, मंडप आणि लाउडस्पीकर चाचांचाच. चौथीतलं माझं पहिलं भाषण त्यांच्या माइकवर झालं. स्टँड खाली येईना, तेव्हा त्यांनी घमेलं उलटं घालून मला त्यावर उभं केलं. "घाबरू नको, आवाज मी वाढवतो," म्हणाले होते. आज मीटिंगमध्ये माझ्या बोलण्याचं कौतुक होतं, त्याची सुरुवात त्या घमेल्यावर झाली.

"अगं सुमे! तू हाय व्हय? लई मोठी झाली गं!" डिझेलचे हात फडक्याला पुसत ते पुढं आले.

"सुमी?" रिया हसली. "ओळखतेस यांना?"

ऑफिसात मी सुमेधा. "नहीं," मी चक्क हिंदीत म्हणाले, "आपको गलतफहमी हुई है."

चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग रियाला म्हणाले, "चुकलंच माझं. आमच्या गावात अशीच एक पोरगी हाय." आणि मला, "माफ करा मॅडम. तुम्ही तिकडं बसा, इथं धूर लई हाय."

त्यांनी मला जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तेव्हाच त्यांचा हात धरायला हवा होता. मी तिकडं जाऊन बसले.

संगीत उत्तम होतं म्हणे. दणके छातीत बसत होते, आणि ती वीज कोण पुरवतंय हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. रविवारी दुपारी धीर करून जनरेटरपाशी गेले, तर दुसराच माणूस. "चाचा गेले पिशोरला, लग्नाचा मंडप हाय." पिशोर तिथून जेमतेम दीड तास. गाडी आमचीच होती. तरी मी पुण्याला परतले.

पास, पेट्रोल, हॉटेल धरून माणशी सात हजार गेले. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. माझ्यापाशी मात्र सोमवारचा आईचा फोन तेवढा उरलाय.

"लग्नात सलीमभाई भेटले," ती खुशीत सांगत होती. "म्हणले, सुमी भेटली, चारचौघांत माझ्या पाया पडली. खरं का गं?"

"व्हय," मी म्हणाले. तीन वर्षांत पुण्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून निघाला, आणि तोही खोटं बोलायला.